अस्वलाची गोष्ट

एटापल्ली तालुका,
३० नोव्हेंबर २०२५

लेका,

दीड वर्षात पत्र नाही. पोरीच्या लग्नालाही आलो नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. गुडघा तसाच, बीपीची गोळी सुरू.

फोनवर बोलता आलं असतं. पण या विषयावर फोनवर बोलायचं नाही, ही आपली जुनी सवय काही केल्या जात नाही.

तुला २००९ची आपली निवडणूक ड्यूटी आठवते? आठवतेच. हेलिकॉप्टरमध्ये उलटी तू केलीस, मी नाही, वाद संपला. लाहेरीत नक्षल्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस गेले त्याला पाच दिवसही झाले नव्हते. साहेबाने म्हातारीला विचारलं, काल रात्री गावात कोण आलं होतं? ती तिच्या माडिया बोलीत सरळ म्हणाली, आले होते, जेवून गेले. आणि तू, माडिया येणारा आपल्यातला एकटा, मराठीत सांगितलंस, "अस्वल आलं होतं म्हणते." म्हातारी सात बोटं दाखवत होती. तू म्हणालास, "सात वेळा आलं."

मी तुझ्याशी चार महिने बोललो नव्हतो. भित्रा म्हणालो होतो. तू बदली घेऊन नागपूरला गेलास तेव्हाही तेच म्हणालो.

आता माझं ऐक.

मंगळवारी शाळेत कार्यक्रम होता. आत्मसमर्पण केलेला एक जण मुलांना चार शब्द सांगणार होता. १५ ऑक्टोबरला नक्षल्यांचा मोठा नेता भूपती याने साठ जणांसह मुख्यमंत्र्यांसमोर बंदुका ठेवल्या, तेव्हापासून इकडे हवाच वेगळी आहे. गर्देवाड्याला जानेवारीपासून एसटी येते, खोटं वाटेल तुला. रात्री मोटारसायकलवर फिरतो मी. भीती आता वाटते ती सुरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची. नक्षली दलमवाले निदान आवाज तरी देत होते!

तर तो माणूस. चाळिशीचा, हडकुळा, नवा पांढरा शर्ट, घडीच्या रेघा तशाच. बोलला माडियात, साहेबलोकांसाठी मराठी करत होतो मी. हो, शिकलो शेवटी, तुझ्यापेक्षा बरी येते. चांगलं बोलला. पाय कसे सुजायचे, मलेरियात सोबती कसे गेले, आईला किती वर्षांनी पाहिलं. मुलं गप्प बसून ऐकत होती. मग साहेब म्हणाले, कुणाला काही विचारायचंय?

नववीतला एक पोरगा उठला. आपल्याला त्या बूथवर कोंबडा-भात करून घालणाऱ्याचा पोरगा. त्या बापाला २०१४त घरातून नेलं, सकाळी वाटेवर सापडला, अंगावर पत्रक, 'पोलिसांचा खबऱ्या'. तुला तेव्हा कळवलं होतं. तू दोन ओळी लिहिल्या होत्यास, त्यातली एक पावसाबद्दल होती. असो.

पोराने माडियात विचारलं, "माझ्या बापाला न्यायला आले, त्यात तुम्ही होता का?"

त्या माणसाने मान खाली घातली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, "काय म्हणतो?"

मी म्हणालो, "विचारतो, जंगलात शाळा होती का."

सगळे हसले. त्या माणसाला मराठी पुरतं कळत नसावं. तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. मग टाळ्या, चहा, फोटो.

पाच दिवस झाले, रात्री डोळा लागत नाही. तू म्हणशील, बरं केलंस, तिथे तमाशा झाला असता. झाला असता का? त्या माणसाचं उत्तर 'नाही' असतं तर? मग पोराला रोज ज्याच्या-त्याच्या तोंडाकडे बघत फिरावं लागलं नसतं. आणि 'हो' असतं तर... बाजार एक, एसटी एक. तो माणूस तर इथेच राहणार. सरकारने त्याला पैसे दिले, घर देणार आहे. पोराच्या आईला मिळालं ते कागद फिरवून फिरवून. हे मी स्टाफरूममध्ये बोललो नाही. जुलैत जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं, तेव्हापासून आमच्याकडचे एक गुरुजी गमतीने म्हणतात, जपून, सात वर्षं तुरुंग. कायदा संघटनांसाठी आहे हे मलाही कळतं. तरी तोंड मिटतंच. पूर्वी दोन बाजूंना मिटायचं, तोच सराव.

तुझं अस्वल वेगळं होतं. तू खोटं बोललास म्हणून ते गाव वाचलं. मी कुणाला वाचवलं? फार तर कार्यक्रम.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. पोरगा नववीत आहे. त्याला मराठी येतं. मी काय सांगितलं ते त्याने ऐकलं.

तो रोज येतो. पहिल्या बाकावर बसतो, हजेरीला "हजर सर" म्हणतो. पूर्वी "गुरुजी" म्हणायचा.

वहिनींना नमस्कार. जावई काय करतात ते लिही. फ्लॅटची गळती थांबली का?

एकच विचारायचं होतं. त्या रात्री आपण निघताना म्हातारीने तुझा हात धरून काहीतरी म्हटलं होतं. मला तेव्हा माडिया येत नव्हती, आणि रागाने मी विचारलंही नाही. काय म्हणाली होती रे?

पोस्टानेच लिही.

तुझाच