गड्ड्याचा आवाज नीट मुद्रित व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत जवळ आली की सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेची, म्हणजे आपल्या गड्ड्याची, आणि त्यात मिरवणाऱ्या उंच काठ्यांच्या, म्हणजे नंदीध्वजांच्या, सरावाची लगबग सुरू होते. यात्रेतले यण्णीमज्जन (तैलाभिषेक), अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह), होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम आता हजारो फोनांवर टिपले जाते. चित्र बऱ्यापैकी येते. आवाजाची मात्र दैना होते. ती का होते हे कळले, तर बहुतेक ठिकाणी एक रुपयाही खर्च न करता टाळता येते. यात्रेआधी ही माहिती हौशी मंडळींपर्यंत पोचावी, म्हणून हे पत्र.

अक्षता सोहळाच घ्या. संमती कट्ट्यावर विवाहविधीतल्या संमतीचे वाचन चालू असताना लोक कान देऊन ऐकत असतात. फोनला हा आवाज बारीक वाटतो, म्हणून तो आपणहून माइकची पातळी वाढवत नेतो. तेवढ्यात ‘सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्’ होते, अक्षता उधळल्या जातात आणि ‘हर्र बोला हर्र’चा गजर उसळतो. चढवून ठेवलेल्या पातळीवर हा गजर आदळला की पहिला क्षण फाटतो. मग फोन पातळी एकदम खाली ओढतो आणि पुढचे काही सेकंद सगळे दबून ऐकू येते. ज्या क्षणासाठी माणसे वर्षभर वाट पाहतात, तोच असा खराब होतो. हा ऑटो गेनचा, म्हणजे पातळी आपोआप बदलण्याच्या सोयीचा परिणाम आहे. फोन महाग असला तरी तो चुकत नाही.

उपाय असा. अनेक फोनांत ‘प्रो व्हिडिओ’ नावाची सोय असते, तिथे माइकची पातळी हाताने ठरवता येते. ती नसेल तर पातळी हाताने ठरवू देणारे ध्वनिमुद्रणाचे ॲप घ्या. पातळी ठरवताना बारीक आवाजाकडे पाहू नका. अक्षतांआधी होणाऱ्या एखाद्या मोठ्या जयघोषाला काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील, असे बघा. शून्य ही डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा आहे. तिच्यावर गेलेला आवाज कापलाच जातो आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने मूळ स्वरूपात परत येत नाही. बारीक मुद्रित झालेले संमतीवाचन मात्र घरी आल्यावर सहज मोठे करता येते. 24 बिटमध्ये मुद्रण केले असेल तर मोठे करताना खरखरही फारशी वाढत नाही.

हलगीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. हलगीपासून हातभर अंतरावर फोन धरला, तर पातळी कितीही खाली आणा, आवाज फाटतोच, कारण माइकच्या कॅप्सूललाच, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागालाच, तो झेपत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. एक मीटरवरून चार मीटरवर सरकलात तर 12 डेसिबल मिळाले, आणि तेवढे बहुधा पुरते. अलीकडे 32 बिट फ्लोट रेकॉर्डरची जाहिरात ‘पातळी लावायची गरजच नाही’ अशी होते. रेकॉर्डरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सपुरते ते खरे आहे. माइकची कॅप्सूलच भरून गेली, तर तोही रेकॉर्डर फाटलेला आवाजच इमानाने साठवतो.

कर्ण्यांचेही एक गणित असते. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. कट्ट्यापासून 35 मीटरवर उभे राहून झूम केलेत, तर चित्रातले ओठ आधी हलतात आणि आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. कुठल्याही संपादन-ॲपमध्ये आवाजाची पट्टी तेवढी सुरुवातीच्या दिशेने सरकवली की दोन्ही जुळतात. रेकॉर्डर वेगळा ठेवला असेल तर सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. शेवटची टाळी विसरू नये. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी चालत नाहीत आणि तासाभरात एक-दोन फ्रेमचा फरक पडू शकतो.

चित्राबद्दल थोडक्यात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. फोन मात्र मुळात सेकंदाला 30 फ्रेमवर लावलेले असतात, त्यामुळे रोषणाईच्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवले की पट्टे जातात. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केल्यावर 25 फ्रेमचा पर्याय दिसू लागतो.

दिवसाच्या मिरवणुकीत दुसरी अडचण येते ती पांढऱ्या बाराबंदीची. चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली की कॅमेरा त्याला करडे समजतो आणि सगळे चित्र काळवंडते. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस ‘लॉक’ झाला की शेजारचा सूर्य थोडा वर सरकवा. कॅमेऱ्यावर अधिक 2/3 ते अधिक 1 पुरते. बाराबंदीच्या चुण्या दिसेनाशा झाल्या तर मात्र जास्त झाले, मागे या. नंदीध्वज उंच असल्याने जवळ उभे राहून अल्ट्रावाइडने टिपण्याचा मोह होतो. तेव्हा फोन वर कलतो आणि सगळ्या काठ्या आत झुकलेल्या दिसतात. मागे जा, मुख्य लेन्स वापरा. दारूकामासाठी कॅमेऱ्याला तिवई, आयएसओ 100, एफ 8 ते 11, शटर दोन ते पाच सेकंद आणि हाताने लांबवर लावलेला फोकस.

आता यात्रेबाहेरचे, पण माझ्या मते अधिक महत्त्वाचे. घराघरांत आणि देवळांत होणारी भजने. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू भजने एका पेठेच्या अंतरात ऐकू येतात, आणि ती गाणारी जुनी माणसे कमी होत चालली आहेत. त्यांचे मुद्रण बहुतेक वेळा फरशीच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत होते. तिथे आवाज इतका घुमतो की शब्द कळत नाहीत. उपाय घरातच आहे. सोलापुरी चादरी दुहेरी करून गायकाच्या समोरच्या आणि मागच्या भिंतीवर टांगा, पण भिंतीला चिकटवून नको. दोरी बांधून भिंतीपासून 10 सेंटिमीटर पुढे लोंबू द्या. मागच्या हवेच्या पोकळीमुळे त्याच चादरी जास्त आवाज शोषतात. दुसरी चादर फरशीवर, गायक आणि माइक यांच्या मधोमध. सुती कापड वरचे, तीक्ष्ण स्वरच शोषते. पखवाजाची घुमी त्याने थांबणार नाही. त्यासाठी पखवाज कोपऱ्यातून काढून खोलीत थोडा पुढे घ्यावा, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो.

माइकची जागा तर फार कमी लोक विचारपूर्वक ठरवतात. फोन सहसा पेटीवरच ठेवतात, मग भात्याची धाप आणि पट्ट्यांची टकटक गाण्याहून मोठी येते. तिवईवर, गायकाच्या छातीच्या उंचीला, एक ते सव्वा मीटर अंतरावर ठेवा. टाळकरी माइकच्या मागे किंवा निदान दोन-अडीच मीटर लांब. टाळांचा आवाज धारदार असतो. ते जवळ असले की ऑटो गेन प्रत्येक ठोक्याला गायकाचा गळा दाबतो. पंखा बंद, फ्रिज बंद, फोन विमान मोडवर. यंत्रमागांच्या भागात राहणाऱ्यांनी माग बंद असतील ती वेळ धरावी. मागांची धडधड जमिनीतून येते, खिडक्या लावून ती थांबत नाही; फोनखाली जाड स्पंज ठेवला तर थोडा फरक पडतो.

फोनमधली ‘नॉइज कॅन्सलेशन’ किंवा ‘व्हॉइस आयसोलेशन’ ही सोय गाण्याच्या वेळी आठवणीने बंद करावी. बोलणे वाचवायचे आणि सतत एकसारखा येणारा आवाज काढून टाकायचा, हे तिचे काम आहे. तंबोरा हा नेमका सतत एकसारखा येणारा आवाज आहे. तंबोरा आणि पेटीचा सूर पुसला जातो आणि गायक अधांतरी गातो आहे असे वाटते. खरखर काढायचीच असेल तर गाणे सुरू होण्याआधी 15 सेकंद सगळे गप्प बसलेले मुद्रित करा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरला तो तुकडा नमुना म्हणून द्या आणि 6 ते 9 डेसिबलच कमी करा. त्यापुढे गेले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

मंडळांच्या कार्यक्रमात साउंडवाल्याला विनंती केली तर मिक्सरमधून वायर मिळते. ती थेट फोनला जोडू नये. मिक्सरचा सिग्नल पाव ते सव्वा व्होल्टच्या घरातला असतो, फोनच्या माइकच्या खाचेला हवे असतात काही मिलिव्होल्ट. मध्ये 40 डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल बारीक करणारा जोड) लावा किंवा लाइन-इन, म्हणजे असा मोठा सिग्नल घेणारी खाच, असलेला रेकॉर्डर वापरा. लॅपटॉपवर घेत असाल तर चार्जर काढून ठेवा, नाहीतर 50 हर्ट्झची घूं येण्याची शक्यता असते. मिक्सरमध्ये फक्त माइकसमोरचेच येते. टाळ, टाळ्या, श्रोत्यांची दाद यासाठी सभागृहात दुसरा फोन हवाच.

एवढे करून मुद्रण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की केलेले काम पाण्यात. व्हिडिओ दाबला जातो, फोटो लहान होतो, फोटो कधी आणि कुठे काढला ही आतली नोंदही निघून जाते. 2023 मध्ये आलेल्या ‘एचडी’ पर्यायातही फाइल दाबली जातेच. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. गूगल फोटोजमध्येही ‘स्टोरेज सेव्हर’ नव्हे, ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडा. फुकटची अमर्याद जागा 1 जून 2021 पासून बंद झाली आहे आणि 15 जीबीत यात्रा मावत नाही. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट स्टिरिओ आवाज तासाला सुमारे एक जीबी घेतो, हे धरून आधीच जागा मोकळी करा. एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर कुठेतरी.

आणि नोंद ठेवा. हेमा राईरकर व गी पॉइटविन या अभ्यासकांनी खेडोपाडी एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या संग्रहाचे मोल आज एवढे आहे, कारण ओव्यांसोबत गाणारीचे नाव आणि गावही टिपले गेले. आपल्या फाइलचे नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, पुढे ठिकाण आणि कोण गाते किंवा काय वाजते ते. म्हणजे ‘2025-01-13-बाळीवेस-हलगी’. अशा फाइली आपोआप क्रमाने लागतात. गायकाची संमती घ्या आणि तीही मुद्रणाच्या सुरुवातीला त्याच्याच आवाजात असू द्या.

संपादक महोदय, आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. यात्रेच्या दिवसांत वाचकांची छायाचित्रे मागवताना मूळ फाइल ई-मेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून, तारीख आणि ठिकाणासह पाठवा, अशी एक ओळ आवाहनात घालावी. छायाचित्रांबरोबर आवाजाच्या फाइलीही स्वीकाराव्यात. आणि यात्रेच्या आयोजकांनी अक्षता सोहळ्याच्या वेळी मिक्सरचे एक आउटपुट मुद्रणासाठी राखून ते पूर्ण दर्जाच्या फाइलमध्ये जतन करावे, हा विषय आपल्या दैनिकाने यात्रेआधी मांडावा. त्यासाठी एक वायर, एक रेकॉर्डर आणि त्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस लागेल.

आपला,
ध्वनिमुद्रणाची हौस असलेला एक वाचक, सोलापूर