गोळ्यांची पट्टी मोजणारा शेजारी हवा

संपादक महोदय,

पाय मोडलेल्याच्या घरी डबा जातो, कोणी रिक्षा बोलावून आणतो. नैराश्याने अंथरुण धरलेल्याच्या घरी मात्र ‘मन घट्ट कर’ एवढेच पोहोचते. खरे तर त्यालाही डबा आणि रिक्षाच हवी असते.

भास किंवा संशय असलेल्याशी वाद घालून काही साधत नाही आणि होला हो केले तर संशय पक्का होतो. ‘भिंतीआडून माझ्यावर नजर ठेवतात’ असे तो म्हणाला, तर ‘मला कोणी दिसत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय’ एवढे बोलावे. टीव्ही बंद करावा, जमलेली गर्दी बाहेर काढावी, दार न अडवता बाजूला बसावे.

‘आता सुटलो तर बरं’ अशी भाषा ऐकली की आपण विषय बदलतो. उलट सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीचे औषध आणि गोळ्यांचा साठा घरातून हलवावा, ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

सिव्हिलला नेताना केस पेपरची रांग सोबत्याने धरावी. त्रास कधीपासून, रात्री झोप किती तास, दारू किती, हे कागदावर लिहून न्यावे. जुन्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही पिशवीत टाकाव्यात. नाहीतर डॉक्टरांपुढे घरचे ‘तसा बरा आहे’ म्हणतात आणि दोन मिनिटांत बाहेर येतात.

खरी गळती पुढे होते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती मात्र पहिल्या दिवसांतच येते. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून पट्टी कोनाड्यात जाते. बरे वाटल्यावरही डॉक्टर काही महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, तिथे दुसऱ्यांदा त्या सुटतात. यंत्रमागावर रोजंदारी करणाऱ्याला तर तपासणीच्या प्रत्येक खेपेला खाडा पडतो. आठवड्यातून एकदा पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजणे, एवढे काम शेजारी सहज करू शकतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध, घेणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे गेले की रक्तातले लिथियम वाढते. निर्जळी उपवास, जुलाब, अचानक मीठ तोडणे, दुकानातून परस्पर आणलेली आयब्रुफेनसारखी वेदनाशामक गोळी, यांनीही तेच होते. हात जोरात थरथरणे, उलट्या, तोल जाणे, बोबडे बोलणे दिसले तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लिथियमची पातळी पाहायला रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी देतात. सकाळची गोळी घेऊन गेल्यास आकडा चुकतो आणि खेप वाया जाते.

अक्कलकोटला, तुळजापूरला जरूर न्यावे. गोळ्या पिशवीत असाव्यात. साखळीने बांधायला मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे.

१४४१६ हा क्रमांक महापालिकेने यंत्रमाग कारखान्यांच्या फाटकांवर आणि विडी कारखान्यांच्या दारात ठळक रंगवून घ्यावा, ही विनंती.

– मानसिक आरोग्य क्षेत्रातील काही कार्यकर्ते, सोलापूर