बारावी कॉम्प्युटर सायन्स : जर्नल, प्रॅक्टिकल आणि चाचणीच्या गुणांबाबत

सर्व विद्यार्थी व पालकांनी कृपया वाचावे.

पहिल्या पेपरला ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. दुसऱ्याला ८०८५ मायक्रोप्रोसेसर, ८०५१ मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. लेखी दोन्ही ५०-५० गुणांचे, आणि प्रॅक्टिकलचं वजनही कमी नाही. तेव्हा लॅब बुडवू नका.

वर्गातल्या चाचणीत प्रत्येक प्रोग्रॅमला १० गुण : तर्काला ४, ड्राय रनला (प्रोग्रॅम कागदावर टप्प्याटप्प्याने चालवून बघण्याला) ३, आउटपुटला २, मांडणीला १. आउटपुट बरोबर आलं म्हणजे पूर्ण गुण, असं नाही. बायनरी सर्चचंच बघा, म्हणजे दर फेरीत यादी मधोमध तोडून शोधणं. १२, १९, २५, ३८, ४४, ५७, ६१ मध्ये ४४ शोधायचाय. जागा ० पासून मोजायच्या. लो (पहिली जागा) ०, हाय (शेवटची) ६, मिड (मधली) ३, तिथे ३८. तो ४४ पेक्षा लहान आहे म्हणून लो ४. मग मिड ५, तिथे ५७. मोठा, म्हणून हाय ४. तिसऱ्या फेरीत ४४ सापडतो. ड्राय रनचा हा तक्ता वहीत हवा. यादी चढत्या क्रमाने नसेल तर ही पद्धत चालत नाही, हेही सांगता आलं पाहिजे.

मित्राची किंवा एआयची मदत घ्या, हरकत नाही. पण तोंडी विचारल्यावर ओळ समजावता आली नाही, तर तर्काचे चारही गुण जातील. याबाबत मी कडकच राहणार.

जर्नल दर शनिवारी. देवगड, मिठबाव बाजूची एसटी पावसात चुकली किंवा वीज गेली तर गुण कापणार नाही. मात्र त्याच दिवशी ग्रुपवर कळवा आणि प्रोग्रॅम कागदावर लिहून आणा. सी प्लस प्लस अजून जड जातंय त्यांनी लॅब सुटल्यावर थांबावं, मी असतो.