लॅबवाले दादा, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

दादा नमस्कार. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण सांगलीत भल्या सकाळी स्कूटरला सॅम्पलची बॅग अडकवून फिरणारे तुम्ही हे वाचलंत तर लगेच ओळखाल.

माझा भाऊ, वय ४३, स्किझोफ्रेनिया. बाकीच्या गोळ्यांनी फरक पडला नाही म्हणून क्लोझापिन चालू केली. तिच्यामुळे पांढऱ्या पेशी एकदम खाली येऊ शकतात, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, करावीच लागते, पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग अंतर वाढत वाढत महिन्यावर. तुमच्याआधी जे यायचे ते दारातच आईला विचारायचे "पेशंट शांत आहे ना?" आणि हा समोर बसून ऐकतोय! तुम्ही सरळ त्यालाच विचारलंत, दादा कुठल्या हातातून घेऊ. त्याला वाटायचं की आपलं रक्त भलतीकडेच पाठवतात. तुम्ही वाद घातला नाहीत की हसला नाहीत, लेबल आणि पेन त्याच्या हातात दिलंत, नाव त्यानेच लिहिलं, बाटलीला त्यानेच चिकटवलं आणि रक्त गोठू नये म्हणून बाटली हळूहळू उलटीसुलटी करायची तेही त्याच्याकडूनच करून घेतलंत. आता लेबल लिहिणं हे त्याचं खातं, मी पेनाला हात लावलेला चालत नाही.

आणि मग ते पाणी. रात्रभर पाणी प्यायचा, सारखा बाथरूमला. आम्ही एका डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी फाइलवर स्किझोफ्रेनिया वाचलं आणि म्हणाले असे पेशंट पाणी पितच राहतात, त्याच्या आजारातलंच आहे. आता खरंय की या आजारात काहींना तशी सवय लागते, पण म्हणून शुगर बघायचीच नाही? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक आजार असलेल्याला बाकी पेशंटसारखीच ट्रीटमेंट मिळाली पाहिजे. असो, कायदा कोण वाचतंय.

तुम्ही मात्र उशाजवळच्या बाटल्या बघितल्यात, सुटलेलं पोट बघितलंत आणि जाताना जिन्यात म्हणालात, "ताई मी काय डॉक्टर नाही, पण सायकिअॅट्रिस्टना विचारून एचबीएवनसी लिहून घ्या, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर कळते त्यात, उपाशीपोटी राहायला नको, सीबीसीच्या त्याच जांभळ्या टोपणाच्या बाटलीत होतं, वेगळी सुई नको." आमचं घोडं तर उपाशीपोटावरच अडलेलं हो, रात्रीच्या गोळ्यांनी तो उशिरा उठणार आणि उठल्या उठल्या तीन चमचे साखरेचा चहा हवाच, त्याला थांब म्हणणार कोण?

रिपोर्ट आला ९.४. म्हणजे दोन-तीन महिने शुगर चढलेलीच होती. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की डायबेटिस धरतात.

लगेच नातेवाइकांचं सुरू, बंद करा त्या डोक्याच्या गोळ्या. सायकिअॅट्रिस्ट मॅडमनी स्पष्ट सांगितलं की क्लोझापिन आणि तिच्यासारख्याच ओलान्झापिनने भूक आणि वजन वाढतं, शुगर वाढू शकते, हे सगळं खरं, पण जी गोळी लागू पडलीय ती अशी मनाने सोडायची नाही, शुगरचं आपण शुगरसारखं बघू. शुगरची गोळी मेटफॉर्मिन दिली, सुरुवातीला पोट बिघडलं, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर निभावलं. त्यांनीच सांगितलं की असे गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात आणि त्यातले बरेच हार्ट, शुगर असल्या आजारांनी. इतकी वर्षं आम्ही फक्त त्याचं डोकं सांभाळत होतो ना.

ग्लुकोमीटर पण तुम्हीच शिकवलात, सुई बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचायची, कमी दुखतं तिथे. एकदा रीडिंग ३१२ आलं, मी घाबरून तुम्हाला फोन केला, तर तुमचा पहिला प्रश्न, हात धुतलेत का? साहेबांनी नुकतंच क्रीमचं बिस्किट खाल्लेलं! साबणाने धुवून पुसून परत बघितलं तर १७८. हा फोन तुमच्या ड्युटीत बसत नव्हता, पैसे तर तुम्ही कशाचेच जास्तीचे घेतले नाहीत.

परवाचं एचबीएवनसी ७.३ आलंय. चालायला जातो, रोज नाही, मूड असेल तेव्हा. कोल्ड्रिंक अजून पूर्ण सुटलेलं नाही आणि त्यावरून मी आता भांडतही नाही, घरात आणून ठेवत नाही एवढंच. रीडिंग तो स्वतः वहीत लिहितो, जास्त आलं तर आकडा बारीक अक्षरात.

पुढच्या वेळी युरिनची डबी पण आणा, किडनीसाठी मॅडमनी मायक्रोअल्ब्युमिन सांगितलंय. त्याचं लेबलसुद्धा त्यालाच द्या, नाहीतर रुसेल. आणि आमच्याकडे चहा आता सगळ्यांनाच बिनसाखरेचा मिळतो, तुम्हालाही तोच मिळणार, सॉरी!