शनिवार वाया जात नाहीत

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. तब्येत ठीक, झोपही पुरेशी होते. आई, त्या रात्री मी बोलता बोलता फोन ठेवला तो माझी ऑन-कॉलची, म्हणजे सर्व्हर अडला तर लगेच उठून बघायची, पाळी होती म्हणून. सर्व्हरची डिस्क भरत आली होती, थोड्या वेळात मोकळी केली आणि झोपले. ही पाळी आम्हा सगळ्यांत फिरते. त्यामुळे मी रोज जागते असं मावशीला सांगू नकोस, ती उगाच काळजी करते.

बाबा, तुम्ही विचारलंत की आठवडाभर डेटाबेस सांभाळल्यावर शनिवारीही तेच, आणि तेही बिनपैशाचं, कशासाठी? इथे आल्यावर मलाही हे चमत्कारिक वाटलं होतं. इथले डीबीए, म्हणजे माझ्यासारखे डेटाबेस सांभाळणारे, सुट्टीच्या दिवशी जमतात आणि आपल्याकडे काय बिघडलं ते अनोळखी लोकांसमोर उभं राहून सांगतात. कुठली कमांड चुकली, किती डेटा गेला, परत कसा मिळवला, सगळं. ब्रसेल्समध्ये दर हिवाळ्यात फॉसडेम नावाचं मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन भरतं. तिकीट नाही, नावनोंदणीसुद्धा नाही, विद्यापीठाच्या दारातून सरळ आत जायचं. राबणारे सगळे स्वयंसेवक. हजारो माणसं येतात. आपली चूक अशी चारचौघांत मांडायची, आणि ऐकणाऱ्यांनी नावं न ठेवता वहीत टिपून घ्यायची, हे अंगवळणी पडायला मला बराच वेळ लागला.

पण त्याचा उपयोग बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे ३०० जीबी. बॅकअप शोधले तर बॅकअपचा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा आणि डेटाबेस नव्या, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता, आणि तसं कळवणाऱ्या ईमेलही पोचत नव्हत्या. शेवटी साधारण सहा तास आधीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं. कंपनीने हे लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर सगळ्यांना थेट दाखवलं. ते वाचूनच मी बॅकअप नुसता घेऊन थांबत नाही, दर आठवड्याला तो वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून पाहते. माझी झोप शाबूत आहे ती यामुळे, बाबा.

ओंकारला हे वाचून दाखवा, त्याची नोकरी आता सुरू होतेय. ओंकार, प्रॉडक्शनच्या, म्हणजे लोक खरोखर वापरतात त्या सर्व्हरच्या, टर्मिनलचा रंग वेगळा ठेव. ओळी पुसणारी डिलीट कमांड चालवण्याआधी त्याच अटीवर नुसत्या दाखवणारी सिलेक्ट चालवून किती ओळी येतात ते बघ, आणि ट्रान्झॅक्शन उघडूनच हात लाव, म्हणजे चुकलं तर बदल मागे घेता येतो. सर्व्हर मंदावला म्हणून कुणी ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे डेटाबेसची आपोआप होणारी साफसफाई, बंद करायला सांगितलं तर ऐकू नकोस. पोस्टग्रेस या आपल्या डेटाबेसमधले ट्रान्झॅक्शनचे क्रमांक ३२ बिटांचे, म्हणजे मर्यादित असतात. त्या साफसफाईत जुन्या ओळी वेळेवर 'फ्रीझ' झाल्या नाहीत, म्हणजे त्यांवर 'जुनी' अशी कायमची खूण झाली नाही, तर सुमारे २०० कोटींच्या आसपास डेटाबेस नवे बदल स्वीकारणंच थांबवतो. आणि तिकडच्या युजर ग्रुपला, म्हणजे पोस्टग्रेस वापरणाऱ्यांच्या बैठकांना, जात जा. आधी नुसतं ऐक. बोलायची भीती वाटली तर खुर्च्या मांड, नाहीतर नव्या आवृत्तीच्या बीटावर, म्हणजे चाचणीच्या प्रतीवर, तुमच्या क्वेरी चालवून काय अडतं ते कळव. तेही मोठं काम आहे. अडचणीच्या रात्री फोन उचलणारी माणसं मला अशीच मिळाली.

आता ताईच्या साखरपुड्याचं. मला येता येणार नाही. आमच्याकडच्या पोस्टग्रेस १३ या आवृत्तीची मुदत २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये संपली. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत, आणि नव्या आवृत्तीवर आमचं स्थलांतर नेमकं साखरपुड्याच्याच आठवड्यात ठरलंय. ते माझ्याच हातात आहे. ताई फोनवर "काम बघ गं" म्हणाली, पण तिचा आवाज मला कळतो. लग्नाला मात्र नक्की येणार, रजा मंजूर झालीय, आधी आठ दिवस येते म्हणजे धावपळ तुमच्या एकट्यांवर पडणार नाही. हॉलचे पैसे काल पाठवलेत. बाबा, एफडी मोडू नका, ती तशीच राहू द्या. आत्याने सांगितलेल्या मुलाशी मी बोलेन, आई, पण लग्न पार पडू दे, आता तारीख मागू नकोस.

साखरपुड्याच्या दिवशी ओंकारला व्हिडिओ कॉल लावायला सांगा. माझ्याकडे पहाट असेल, मी उठून बसेन.

तुमची,
मेघा