विषय: बॉस्टन येथील जेवणात शाकाहारी म्हणून डुकराचे मांस असलेला पदार्थ वाढल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पुणे कार्यालय

महोदय,

आपल्या कंपनीच्या अमेरिका पूर्व किनारा सहलीत मी व माझी आई सहभागी झालो होतो. बॉस्टनमधील एका ऐतिहासिक उपाहारगृहात अस्सल अमेरिकन घरगुती जेवण मिळेल आणि शाकाहारी ताटाची स्वतंत्र सोय असेल, असे आपल्या माहितीपत्रकात ठळक छापले होते. जागेबद्दल माझी तक्रार नाही. जुनी विटांची इमारत, ठेंगणे छत, लाकडी आडोशांतली बाके आणि अगत्याने वागणारी माणसे हे सारे छापल्याप्रमाणेच होते. मी मांसाहारी असल्याने क्लॅम चाउडरचा (शिंपल्यांच्या दाट सूपचा) वाडगाही आवडीने संपवला.

तक्रार शाकाहारी ताटाची आहे. माझी आई माळकरी असून नोंदणीच्या अर्जात तसे स्पष्ट लिहिले होते. तिला व गटातील अन्य शाकाहारी मंडळींना बेक्ड बीन्स, कुस्करलेले बटाटे आणि ब्राउन ब्रेड वाढण्यात आले. आईने विचारले असता, "काकू, ही आपली उसळच समजा, निर्धास्त खा," असे आपल्या टूर मॅनेजरनी सांगितले. थोड्या वेळाने तिच्या ताटलीत चरबीचा तुकडा दिसला. मी वाढणाऱ्या बाईंना विचारल्यावर त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की बीन्समध्ये पोर्क असते, आणि गटाचे पदार्थ आपल्या कंपनीनेच ठरवून कळवले होते. त्यांच्या नेहमीच्या मेन्यूकार्डावर मॅकरोनी अँड चीज होते, म्हणजे पर्यायही हाताशी होता. आई त्यानंतर जेवली नाही.

बॉस्टनचे बीन्स मोलॅसिस (उसाची काकवी) आणि खारवलेले डुकराचे मांस घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवण्याची पद्धत जुनी आहे. रविवारी स्वयंपाक वर्ज्य मानणारे प्युरिटन (कडक धर्माचरणाचे ख्रिस्ती) लोक ते शनिवारीच शिजवून ठेवत, आणि या पदार्थामुळेच शहराला 'बीनटाउन' हे टोपणनाव पडले. इतिहास दाखवण्याचे पैसे घेणाऱ्या कंपनीला एवढा इतिहास ठाऊक असायला हवा.

उपाहारगृहाकडून ॲलर्जीची यादी मागवून तपासली होती, असा खुलासा टूर मॅनेजरनी केला. अमेरिकी कायद्यातील प्रमुख ॲलर्जीकारक घटक 9 आहेत: दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, कवचाची सुकी फळे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि 2023 पासून तीळ. त्यात मांस येतच नाही, त्यामुळे ती यादी पाहून पदार्थ शाकाहारी ठरवणे म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा आहे.

आपल्या कार्यालयाने फोनवर दिलगिरी व्यक्त करून पुढील सहलीसाठी सवलतीचे कूपन देऊ केले, ते मला मान्य नाही. माझ्या आईची आपण लेखी माफी मागावी, तिच्या सहलशुल्काचा योग्य तो भाग परत करावा आणि प्रत्येक ठिकाणच्या शाकाहारी पदार्थांतील घटक, त्यांत वापरलेली चरबी व मांसाचा रस यांसह, संबंधित स्वयंपाकघराकडून लेखी घेतल्याशिवाय माहितीपत्रकात 'शाकाहारी' हा शब्द छापू नये.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येत असल्याने, मी सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. नोंदणी अर्जाची प्रत, माहितीपत्रकाचे संबंधित पान आणि ताटलीचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपला,
तक्रारदार, सातारा