प्रार्थना बाईंची, वर्ग सगळ्यांचा

महोदय,

ख्रिस्ती शिक्षकाने वर्गात प्रार्थना घ्यावी का, असा प्रश्न अधूनमधून निघतो. मी स्वतः ख्रिस्ती, निवृत्त शिक्षिका. राज्यघटनेचे कलम २८ स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसवता येत नाही. मिशनच्या शाळाही त्यात आल्याच.

शिक्षकाने मनातल्या मनात केलेल्या प्रार्थनेला मात्र कोण अडवणार? हजेरी घेताना एखाद्या नावापाशी मी क्षणभर थांबायचे. घरी मार खाऊन आलेला, गृहपाठाची वही कधीच न काढणारा मुलगा. त्याच्यासाठी मनात दोन शब्द मागितले की छडीकडे हात जायचा नाही. वर्गाला याचा पत्ता नसायचा, नसावाच. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने खोलीचे दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. मग पोरांना हात जोडायला लावण्याचा अट्टहास कशाला?

सामूहिक प्रार्थना घ्यायचीच असेल, तर शाळांनी प्रवेशाच्या वेळीच पालकांची लेखी संमती घ्यावी. नको म्हणणाऱ्या मुलाला तेवढा वेळ वाचनालयात बसू द्यावे, व्हरांड्यात उभे करू नये.

– एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर